तळं तुमचं, सांडवा कशाला?

बालाघाटाच्या पायथ्याला चार एकर पडीक आहे, मधून ओढा जातो, आणि तुम्ही अजून ज्वारीच पेरताय? ओढ्याला मातीचा बांध घाला, कमान उभारा, हुरडा पार्टी आणि बोटिंग सुरू करा. मराठवाड्यात माणूस नुसतं पाणी बघायलाही तिकीट काढतो.

इंजिनिअर कशाला? गावात जेसीबी आहे. पायाचा चर खणा, थराथराने माती टाकून रोलरने दाबा, ही सगळी सरकारी थेरं. शेजारची काळी माती ढकला की झालं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण हुरड्याची गिऱ्हाइकं थंडीत येतात.

कायद्याला भिऊ नका. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांचा. 10 ते 15 मीटरमधली काही मोठी तेवढी त्यात धरलीत. तुमचा बांध आठ मीटरचा. खालच्या वस्तीतली घरं बुडायला तेवढा पुरतो, पण तो विषय कायद्यात नाही.

खरी अडचण सांडव्याची. जादा पाणी बाजूने सुखरूप काढून देणारी ही वाट, म्हणजे निव्वळ नासाडी! तिथे दोन फूट भिंत चढवा, बोटीला खोली मिळेल. मासे पळू नयेत म्हणून वर जाळी लावा. पहिल्याच पुरात पऱ्हाट्या आणि पाण्याच्या बाटल्या अडकून ती फुकटात बुजते. मग पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं आणि माती कापत सुटतं, हे खरं. पण आपल्याकडे एवढा पाऊस पडतो कुठे? सप्टेंबर 2025 चं काढू नका, त्याचे पंचनामे झालेत.

पायथ्याशी ओल दिसली तर केळी लावा. झिरपणारं पाणी गढूळ झालं, म्हणजे आतली माती निघाली, तर बाहेरून सिमेंट थापा. पाणी हुशार असतं, दुसरी वाट शोधतं. बांधावरची वेडी बाभूळही तोडू नका, पक्षी येतात. तिची मुळं कुजली की पाण्याला आयत्या नळ्या.

फुटलाच तर? 2019 मध्ये कोकणात तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकडे आपल्या ओढ्यातही आहेत.

उद्घाटनाला खालच्या वस्तीला जेवायला जरूर बोलवा. मोबाइल नंबर मात्र कुणाचा घेऊ नका. रात्री दोनला फोन करायची पाळी आली, तर झोपमोड तुमचीच.