टक्के नेमके कशाचे?

जिनिंगच्या रेच्यात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रात, कामगाराचा पंजा चिरडला. डॉक्टरच्या दाखल्यावर '40 टक्के अपंगत्व'. कशाचं? हाताचं, शरीराचं की कमाईचं? नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला 1923 चा कामगार भरपाई कायदा कमाईची क्षमता किती घटली ते विचारायचा. विम्याचा वकील मात्र हात म्हणजे शरीराचा एक-तृतीयांश धरून 40 ला तीननं भागतो अन् म्हणतो, घट फक्त 13! मग सरकीचं पोतं उरलेल्या 87 टक्क्यांनी उचलायचं का?

अंगठा तुटला तर कायद्याच्या परिशिष्टातल्या यादीत थेट 30 टक्के घट. जागेवर राहून लुळा पडला की वाद सुरू. म्हणजे तुटलेलाच बरा?

हात गेलेल्या सुताराची घट सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्येच 100 टक्के धरली. वाचतं कोण? डॉक्टरला साक्षीला बोलवा, तर त्याची बदली गडचिरोलीला. पुढची तारीख घ्या! पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला दुसरा हात आहेच ना बाप्पा!