वसुलीचा मुक्काम

महागडं क्रेडिट कार्ड घेतलं की माणसाचा वसुली अधिकारी होतो. वार्षिक फी एकदा खात्यातून गेली की वर्षभर एकच ध्यास, ही परत कशी काढायची? विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसून थोडी निघते. पण मोठी रक्कम अडकलेली असते हॉटेलांत. आलिशान हॉटेल कार्डाच्या खास योजनेतून बुक करायचं, दाबून खर्च करायचा आणि त्यावर मिळणाऱ्या सोयींतून फी वसूल करायची. हे गणित मला पूर्ण पटलेलं आहे. घरात दुसऱ्या कुणाला नाही.

या योजनांचा साचा बहुतेक ठरलेला. अमेरिकन एक्सप्रेसची ‘फाइन हॉटेल्स अँड रिसॉर्ट्स’ घ्या: दोघांना रोज नाश्ता, हॉटेलातच उडवायला साधारण 100 डॉलरचं क्रेडिट, दुपारी चारपर्यंत हमखास चेक-आउट, शिवाय बारा वाजता चेक-इन आणि वरच्या दर्जाची खोली, पण या शेवटच्या दोन गोष्टी ‘उपलब्ध असल्यास’. 1950 मध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं ते रेस्टॉरंटातल्या जेवणाचं बिल भागवायला. आता कार्ड म्हणतं, जेवणाचं तुमचं तुम्ही बघा, नाश्त्याचं मी बघतो.

माझ्याकडचं कार्ड दुसरं. त्याचं नाव घेत नाही, फी अजून वसूल व्हायची आहे.

बुकिंगला बसलं की आधी दोन खिडक्या उघडायच्या. एकीत कार्डाचं पोर्टल, दुसरीत हॉटेलची स्वतःची साइट. तीच खोली, तीच रात्र. पण हॉटेलच्या साइटवर फुकटात सभासद झालं आणि पैसे आगाऊ भरले, की दर खाली येतो. अशा वेळी मी कागद घेतो आणि फरकातून नाश्ता वजा करतो. नाश्त्याचा भाव अर्थात हॉटेलच्या मेन्यूतला, गुणिले दोन माणसं, गुणिले जितक्या सकाळी. पोर्टल दणदणीत जिंकतं.

“घरी तू नुसत्या चहावर ऑफिसला जातोस,” बायको म्हणाली. “तो नाश्ता कुठल्या रकान्यात?”

अशा प्रश्नांमुळेच लोक एकटे प्रवास करतात.

आम्ही पडलो तिघं आणि नाश्ता दोघांना. मग आम्ही पाळ्या लावल्या. मी आणि मुलगा आधी, बायको नंतर. मी उठलो, ती बसली, तरी वाढपी माझ्याकडेच बघत होता. पाळ्या बदलल्याने डोकी कमी होत नाहीत, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. मध्येच मुक्काम तोडून उरलेल्या रात्री बायकोच्या नावावर घ्याव्यात, म्हणजे क्रेडिट पुन्हा मिळेल, असाही विचार करून झाला होता. अटी लिहिणारा माणूस माझ्याच जातकुळीचा निघाला. सलग मुक्काम एकच धरला जाईल, असं त्याने आधीच लिहून ठेवलं होतं.

अपग्रेड मिळालं, तेही रिसेप्शनवरच्या मुलीने आवाज खाली घेऊन, बाकीच्यांना कळू नये अशा बेताने सांगितलं. बागेकडच्या खोलीऐवजी बागेकडचीच खोली, दोन मजले वर. बाग आता लहान दिसत होती.

खरं घोडं अडतं क्रेडिटपाशी. ते खोलीच्या भाड्यात वळतं होत नाही, रोख मिळत नाही, उरलं तर चेक-आउटबरोबर बुडतं. स्पामधला सगळ्यात स्वस्त मसाज क्रेडिटच्या जवळजवळ दुप्पट. रेस्टॉरंटात मुलगा नेमका म्हणतो, भूक नाही. शेवटच्या संध्याकाळी आम्ही मेन्यूकार्ड उलटं वाचत होतो, म्हणजे भावाच्या बाजूने. अखेर मसाजच घेतला. त्या माणसाने विचारलं, “सर, खांदे एवढे का आखडलेत?” त्याला काय सांगणार! यात शेवटी हॉटेलचं नुकसान काहीच होत नाही. अशा योजनांतल्या सोयी बहुतेक वेळा हॉटेलच आपल्या खिशातून देतं, बुकिंगवर कमिशनही मोजतं. कारण त्याला पक्कं ठाऊक असतं, की शंभर बुडू नयेत म्हणून दोनशे खर्चणारा माणूस येतोय.

राहिलं चार वाजताचं चेक-आउट. अकरालाच सामान बांधून झालं होतं, बघण्यासारखं सगळं बघून झालं होतं. पण खोली चारपर्यंत आमची होती. बाराच्या पुढे तिघं जरा खाली फिरून आलो, तर दाराला चावीचं कार्ड लावल्यावर लाल दिवा. खाली जाऊन हक्क सांगितला, माफी मिळाली, नवं कार्ड मिळालं. वर येतो तर चादरी, उशा, टॉवेल सगळं सफाईवाल्यांनी उचलून नेलेलं.

उघड्या गादीवर आम्ही ओळीने बसलो.

“निघूया का?” बायको म्हणाली.

मी घड्याळ बघितलं. पावणेदोन झाले होते. निदान सव्वादोन तासांचं भाडं तरी सुटत होतं.