काशीला नेता, तर काशी दाखवा ना!

नागपूरहून काशीला नेणाऱ्या टूरवाल्यांचं दरवर्षी तेच. अयोध्या, प्रयागराज, काशी एका दमात कोंबायचं. काशीत विश्वनाथाची रांग आणि दशाश्वमेधावरची आरती, की झालं दर्शन! बनारसी साड्यांच्या दुकानात मात्र तासन्‌तास बसवून ठेवायला वेळच वेळ.

सगळ्यात जास्त चीड येते ती भोसले घाटाची. नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला घाट आहे तो, आपल्या गावचा! मणिकर्णिकेच्या पुढे नाव थोडी उत्तरेला न्यायची, एवढंच. पण नाव मणिकर्णिकेवरूनच माघारी फिरते. नागपूरच्या महाल भागात आयुष्य काढलेल्या आजी-आजोबांना हा घाट कोणी दाखवतच नाही. काहून? आत्ताचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलं, हेही रांगेत उभ्या मराठी माणसाला सांगत नाहीत.

आणि सारनाथ! शहरापासून जेमतेम दहा किलोमीटर. बुद्धांनी पहिला उपदेश केला ती जागा. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, तिथल्या माणसांना धामेक स्तूपासमोर वीस मिनिटं देता? घड्याळ दाखवत हाकलता? वर सारनाथ नेमकं शुक्रवारी ठेवता. तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. आपली राजमुद्रा ज्यावरून घेतली तो अशोकाचा सिंहशीर्ष आत, आणि आमची माणसं कुलपाबाहेर! वर्षानुवर्षं हाच धंदा करता, मग बंदचा वार बघून तारखा लावता येत नाहीत?