जोरजोरात श्वास घेऊन रक्तात ‘दुप्पट’ ऑक्सिजन? हिशेब बसत नाही

“रोज पहाटे ५ मिनिटं जोरजोरात खोल श्वास घ्या. रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो, विषद्रव्यं बाहेर पडतात, बीपीची गोळी सुटते.” फॅमिली ग्रुपवर हा संदेश कुणी ना कुणी टाकतंच.

दुप्पट होणार कुठून? निरोगी माणसाच्या बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) बसल्या जागी ९५ ते १०० टक्के दाखवतं. हंडा आधीच काठोकाठ आहे, नळ कितीही जोरात सोडा. झपाट्याने बदलतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तोही उतरतो. तो निव्वळ कचरा नाही. तो घसरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांभोवती आणि बोटांत झिणझिण्या येतात, गरगरतं. यालाच काही जण ‘ऊर्जा चढली’ म्हणतात! विहिरीत बुडी मारण्याआधी तर हा प्रकार करूच नये. श्वास घ्यायची ऊर्मी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते. ती येण्याआधीच ऑक्सिजन संपून पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

विषद्रव्यांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. युरियासारखा टाकाऊ पदार्थ श्वासावाटे जात नाही.

बीपीच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, पण ते संथ श्वासाचं. मिनिटाला साधारण ६ श्वासांच्या लयीत हृदयाचे ठोके श्वासाबरोबर ठळकपणे कमी-जास्त होतात, रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. नियमित सरावाने दाब काही अंकांनी उतरू शकतो. तेवढ्यावर गोळी स्वतःहून बंद करणं धोक्याचं.

संथपणाचा आणखी एक फायदा आहे. दर श्वासातली सुमारे १५० मिली हवा श्वासमार्गातच राहते. मिनिटाला २५० मिलीचे २४ श्वास घेतले तर वायुकोशांपर्यंत, म्हणजे ऑक्सिजन रक्तात मिसळतो त्या फुप्फुसातल्या बारीक फुग्यांपर्यंत, २.४ लिटर पोचते. १००० मिलीचे ६ घेतले तर ५.१ लिटर. आत घेतलेली एकूण हवा दोन्हीकडे ६ लिटरच.

करायचं असेल तर खुर्चीत पाठ टेकून बसा, कमरेचा पट्टा सैल करा, तळहात बेंबीवर ठेवा. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, असं ५ मिनिटं. जड गेलं तर ३ आणि ४ ने सुरुवात करा. हात हलत नाही आणि खांदे वर चढतात, तर श्वास छातीतच अडकतोय. बहुतेकांचं चुकतं ते ‘खोल’ या शब्दामुळे: छाती फुगेल तेवढी हवा ओढतात आणि मग घेरी येते. झिणझिण्या आल्याच तर लय तीच ठेवून श्वास लहान करा. तरी थांबल्या नाहीत तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. बीपी किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरणं आणि कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.