उपचार मिळण्याआधी माणूस कागदावर असावा लागतो

आज सकाळी शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एकाने लिहिले की सरकारने आता प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत केले आहेत, तेव्हा पैशाअभावी दवाखाना झाला नाही ही रड खेड्यातल्या माणसाने आता थांबवावी. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी तिथे गप्प राहिलो, कारण दोन ओळींत मावेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

माझे थोरले मामा माण तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. २०१९ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा एका रुग्णालयात राज्याच्या मोफत उपचारांच्या, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर मामींनी शिधापत्रिका पुढे केली आणि तिचा रंग पांढरा आहे एवढे पाहून ती त्यांना परत देण्यात आली. आत काय लिहिले आहे हे पाहायलाही ती उघडली गेली नाही. मुलगा काही वर्षे एका कारखान्यात नोकरीला होता आणि नवे कार्ड काढताना त्याचा पगार धरला गेला, म्हणून ते पांढरे झाले होते. पुढे नोकरी सुटली, मुलगा गावी परतला, पण कार्डाचा रंग काही बदलला नाही. तो बदलून घेण्यासाठी तहसीलच्या फेऱ्या मारायच्या, तर शेतमजुरीचे दिवस बुडतात आणि आजारी नसलेला माणूस त्यासाठी दिवस बुडवत नाही.

त्या वेळी ही योजना पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती. पांढऱ्या कार्डाचे शेतकरी फक्त मराठवाड्यातले ८ आणि विदर्भातले ६ अशा १४ जिल्ह्यांपुरते पात्र होते. त्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सामावून घेतले हे योग्यच झाले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या माणमध्ये उन्हाळ्यात माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, त्या माणमधला शेतकरी सातारा जिल्ह्यात राहतो म्हणून सधन कसा ठरतो, हे मला कोणी समजावून सांगावे. केशरी कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. म्हणजे सगळ्या घराची मिळून दिवसाची कमाई पावणेतीनशे रुपयांच्या वर गेली की ते घर या राज्याच्या लेखी सुस्थितीत आले!

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, केंद्राची आयुष्मान भारत ही मोफत उपचारांची योजना आली होती. तिची यादी होती २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेची. त्या मोजणीच्या वेळी ज्या घरात दुचाकी किंवा फ्रिज होता, ते घर पहिल्याच चाळणीत बाहेर पडले. मामांच्या दारात तेव्हा मुलाने हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल उभी होती. ती कधीच विकली गेली, पण यादीतून घर गळले ते गळलेच. शेवटी मामांची दीड एकर जमीन गहाण पडली आणि हृदयात स्टेंट बसला. मामा आज हिंडते-फिरते आहेत, यात या योजनांचा काडीचाही वाटा नाही.

हो, आता परिस्थिती बदलली आहे, हे मान्य करतो. महात्मा फुले योजनेबाबत २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय झाला, जुलै २०२४ पासून तो अमलात आला, पांढऱ्या कार्डवाल्यांसह राज्यातली सगळी कुटुंबे पात्र ठरली. खरे तर मे २०२० मध्ये, करोनाच्या धास्तीने, सरकारने हेच केले होते. तेव्हा रंग न पाहता उपचार देता आले, राज्य काही बुडाले नाही. तरीही ती गोष्ट कायमची व्हायला एवढी वर्षे लागली, आणि त्या वर्षांत किती घरांच्या जमिनी गहाण पडल्या असतील, याचा विचार माझ्या त्या मित्राने करावा.

आणि सगळे पात्र झाले म्हणून सगळ्यांना उपचार मिळाले असेही नाही. गेल्या वर्षी त्याच मामांची सून आजारी पडली. मूतखड्यामुळे एक मूत्रपिंड सुजले होते आणि शस्त्रक्रिया लांबवणे धोक्याचे होते. या वेळी कार्डाच्या रंगाची अडचण नव्हती, पण तिचे नावच कार्डावर नव्हते. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून ते कमी केले होते आणि सासरच्या कार्डावर अजून चढले नव्हते. तीन वर्षांच्या मुलाची आई, पण कुठल्याच कुटुंबात नाही. अधिवासाचा दाखला चालेल असे सांगितले गेले, पण तो काढायला पुन्हा तहसील आलेच. मामींनी प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून खिडकीच्या कट्ट्यावर मांडला. आधार, सातबारा, लग्नपत्रिका, नातवाचा जन्मदाखला. सून आपलीच आहे हे सिद्ध करायला लग्नपत्रिका दाखवणारी सासू मी पाहिली आहे, आणि तिला उद्देशून कोणी ‘रड’ हा शब्द वापरला तर मला तो सहन होत नाही.

तिथला आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांच्या मदतीसाठी योजनेने नेमलेला माणूस, मात्र चांगला निघाला. त्या तरुणाने स्वतःच्या मोबाइलवरून पुरवठा विभागात फोन लावले, कार्डावर नाव चढेपर्यंत पाठपुरावा केला, आणि शस्त्रक्रिया योजनेतूनच झाली. त्याचे उपकार आमचे घर विसरणार नाही. पण त्याच्या जागी दुसरा, कंटाळलेला, घड्याळाकडे पाहणारा कोणी असता तर काय झाले असते? सरकारी योजनेचा लाभ एखाद्याच्या चांगुलपणावर अवलंबून का असावा?

गैरफायदा घेणारेही असतात, नाही असे नाही. पण त्यांना शोधण्याचे काम सरकारचे आहे. त्यांच्यासाठी प्रत्येक आजारी बाईला आपण कोण आहोत याचा पुरावा देत उभे करायचे, हे मला पटत नाही. मतदार यादीत तिचे नाव आहे, आधार आहे, गावच्या अंगणवाडीत तिच्या मुलाची नोंद आहे. सरकारला ती ठाऊक आहे. रुग्णाला आधी दाखल करून घ्यावे आणि नोंदींचा मेळ मागाहून सरकारच्याच दोन खात्यांनी आपसात घालावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तोवर एक विनंती. ज्यांची मुळे गावात आहेत त्यांनी पुढच्या खेपेला घरची शिधापत्रिका उघडून पाहावी. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव चढले आहे का, आधारवरच्या नावाशी ते जुळते का, कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांचे ई-केवायसी, म्हणजे ठशावरून ओळख पटवणे, झाले आहे का, हे सगळे धडधाकट असतानाच तपासावे. कोणी अडवले तर महात्मा फुले योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ आहे, तो घरात भिंतीवर लिहून ठेवा.