बोटं हलतायत ना? मग झालं!

मोटारसायकल घसरली, हात मनगटापाशी वाकडा दिसतोय, सूज चढतेय. अशा वेळी सरळ दवाखाना गाठणं सांगली जिल्ह्यात उतावीळपणाचं समजतात. आधी रस्त्यावरच्या मंडळींना त्यांचं काम करू द्या. हंगामात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकणाऱ्यांची आपल्याकडं वाण नसते, त्यामुळं हाडाचं ज्ञान इथं चहाच्या गाड्यावरच मिळतं. एकजण पुढं येईल, तुमचा हात हातात घेईल आणि म्हणेल, "बोटं हलीव बघू." तुम्ही हलवाल. "हालत्यात की! मोडलं असतं तर हालली असती व्हय? मुका मार हाय." झालं निदान. फीसुद्धा नाही.

बोटं हलवणारे स्नायू कोपराकडून येतात, त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटावरून पुढं जातात आणि खालचं हाड मोडलं तरी त्या शाबूत राहू शकतात. म्हणून मोडक्या हाताचीही बोटं हलतात. हे त्या माणसाला सांगू नका, वाईट वाटेल त्याला. "चालतोय की, मग कसलं फ्रॅक्चर?" हे तत्त्वही असंच पक्कं धरा. खुब्याचं हाड मोडून एकात एक रुतलं तर म्हातारी दोन दिवस घरात काठी टेकत फिरू शकते. तिसऱ्या दिवशी पाय आखूड दिसायला लागला आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलं, की "आता ह्या वयात कशाला ऑपरेशन" म्हणून तिला अंथरुणाला खिळवून ठेवा. डॉक्टर शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन उरकायच्या मागं असतात. पडून राहिल्यानं पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो आणि माणूस हाडानं नाही, त्यानं जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काय ऐकायचं!

पोरांच्या बाबतीत तर आणखी सोपं. लहान मुलाचं हाड कडुलिंबाच्या ओल्या काडीसारखं एका बाजूनं तडकतं, दुसऱ्या बाजूनं धरून राहतं. वरून हात सरळ दिसतो. पोर टीव्ही बघतं, खातं-पितं, फक्त जेवताना दुसरा हात वापरतं. शाळा बुडवायची नाटकं आहेत म्हणा आणि सोडून द्या. तळहातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी, त्या खळगीत, दाबल्यावर ठणकत असेल आणि डॉक्टर म्हणाले, "फोटोत आज काही दिसत नाही, पण दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढू," तर तो सरळ पैसे उकळायचा धंदा आहे असं चारचौघांत सांगा. तिथल्या होडीच्या आकाराच्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कित्येकदा खरंच दिसत नाही. त्या हाडाचा रक्तपुरवठाही तोकडा, तोही एका टोकाकडून. दुर्लक्ष झालं तर आतला तुकडा मरतो. पण एवढं ऐकून घ्यायला आपल्याला वेळ कुठंय?

आता समजा, कातडी फाटून हाड बाहेर डोकावतंय. घाबरू नका. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते असल्या जखमेत मूठभर कोंबण्यासाठीच. हळद संपली तर चुना आहे, मशेरी आहे, कॉफीची पावडर आहे. बाहेर आलेलं हाड "आत सारून" ठेवणारा हितचिंतकही गर्दीत सापडतो. स्वच्छ कोरडं कापड झाकायचं, रक्त वाहत असेल तर त्या जागी दाबून धरायचं, हात आहे त्या स्थितीत काहीतरी आधार देऊन स्थिर ठेवायचा, बांगड्या-अंगठ्या सूज चढायच्या आत काढायच्या आणि १०८ ला फोन लावायचा, एवढंच करणाऱ्याला कोण विचारतो? हाडापर्यंत उघड्या जखमेला पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक मिळावं म्हणून डॉक्टर धडपडतात. त्यांना मग त्या हळदीचा चिखल धुवत बसायचं काम द्या. आणि जंतू एकदा हाडात मुरला की वर्ष-वर्ष नडगीतून पू वाहत राहतो, तेव्हा गल्लीत "जुनी जखम हाय, उन्हाळ्यात फुटती" असं सांगता येतं.

पण खरं कसब पुढं आहे. मिरज आपल्या सांगलीपासून दहाएक किलोमीटरवर. तिथं १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, कर्नाटकातून माणसं बस भरभरून तिथं उपचाराला येतात. म्हणून तर आपण उलट्या दिशेनं जायचं. नदीपलीकडं कुठंतरी एक हाड बसवणारा असतो, त्याचा गुण तुमच्या मेहुण्याच्या साडूला आलेला असतो. गुण येतोही, हे कबूल करायला हवं, कारण हाड कुणालाही न विचारता जुळतं. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, मग पुढचे काही आठवडे तो घट्ट होत जातो. पायाची नडगी असेल तर तीन-चार महिने आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याहून जास्त. सरळ ठेवलं तर सरळ जुळतं, वाकडं ठेवलं तर वाकडं. श्रेय मात्र त्या हाड बसवणाऱ्याच्या लेपाला. ज्यांचं सरळ जुळलं ते गावभर सांगतात, ज्यांचं वाकडं जुळलं ते फुल बाह्यांचा शर्ट घालतात.

तर बांबूच्या कामट्या करकचून आवळून घ्या आणि घरी या. रात्री कळा सुरू होतील. इथं तुमच्या घराण्याची इज्जत पणाला लागते. नीट धरून बांधलेलं हाड दुखायचं हळूहळू कमी होतं. बांधल्यावर दुखणं वाढत चाललं तर आत काहीतरी बिघडतंय, हा सरळ हिशोब आहे. पण आपल्याकडं त्याचा अर्थ "औषध लागू पडतंय" असा लावायचा. कोपराखाली आणि गुडघ्याखाली स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. पडदा ताणत नाही. आत मोडल्या हाडाचं रक्त आणि सूज, वरून कामट्यांचा आवळा. दाब इतका चढतो की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. सहा तासांच्या पुढं गेलात की झालेलं नुकसान बहुतेक परत येत नाही. खूण एकच, आणि ती कुणालाही कळेल अशी: लागलं त्या मानानं कळ अवाच्या सवा जास्त, गोळीला न जुमानणारी, आणि दुसऱ्यानं बोट हळूच सरळ केलं तर माणूस ओरडतो. पाठोपाठ मुंग्या, बधिरपणा. बोटं पांढरी-गार पडणं आणि नाडी जाणं हे फार उशिराचं. म्हणजे "नाडी लागतीय की" म्हणून अण्णांनी मनगट धरून दिलेला दिलासा काही कामाचा नाही.

पोरगा रात्रभर तळमळेल. "आमच्या वेळी नांगराचा फाळ पायात घुसला तरी हूं की चूं केलं नाही," हे त्याला सांगा. त्याच्या आईला स्वयंपाकघरात पाठवा, तिला पट्टी सोडाविशी वाटते आहे. पहाटे दुखणं एकदम थांबेल. सगळ्यांनी एकमेकांकडं बघून म्हणायचं, "आला का नाही गुण?" नस बधिर झाली की दुखायचं थांबतंच. घट्ट बांधलेल्या हाताची बोटं पुढं कशी आत वळून आखडतात, ते फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं १८८१ सालीच लिहून ठेवलंय. पण तो आपला पाव्हणा नव्हता.

दवाखान्यातलं प्लास्टर घेऊन आलेल्यांनीही निश्चिंत व्हायचं कारण नाही. पहिले दोन दिवस हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवत राहा, दुखणं वाढलं तर मध्यरात्रीही या, प्लास्टर कापून सैल करू, असं तिथं सांगतात. तुम्ही कागदावरची तारीख बघा. बोलावलंय सोमवारी, आज शनिवार. सोमवारीच जा.

टाके घातलेल्या किंवा नुसत्या बांधलेल्या जखमेबद्दल फार लिहीत नाही, तिथं तुम्ही तयारीचे आहात. लाली पसरत असेल तर तिच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवावी, तासाभरानं रेघ ओलांडली का ते बघावं, असले पोरखेळ करू नका. ताप आला तर हवा बदललीय म्हणा. शुगरवाल्याला पायाची जखम दुखत नाही, ही तर देवाचीच कृपा. कातडी तपकिरी-काळी पडतेय, गोड-कुजका वास येतोय, दाबलं की कातडीखाली हवा करकरतेय, तर उद्या सकाळी बघू. हा जंतू उद्यापर्यंत कधी मांडीपर्यंत जातो, पण रात्री गाडी कोण काढणार? मांडीचं हाड मोडलेला माणूस एक-दोन दिवसांनी धापा टाकायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर गोळ्यांची गुंगी म्हणा. हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेली असेल ही शंका मनातही आणू नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन? लोखंड गंजकं नव्हतं ना, मग कशाला! धनुर्वाताचा जंतू गंजात नाही, मातीत आणि शेणात राहतो, आणि आपल्या शेतात या दोन्ही गोष्टी कुठं असतात? तीन दिवस ते तीन आठवडे गेल्यावर जबडा उघडेना झाला तर दाढ दुखतेय म्हणून दातवाल्याकडं न्या.

एवढं सगळं करूनही मिरजेला जायची वेळ येते. जाताना वाटेत चहा-बिस्किट पोटभर द्या, उपाशीपोटी माणूस खचतो. दवाखान्याच्या फाटकाअलीकडं गाडी बाजूला घ्या. कामट्या सोडून डिकीत टाका, बाटलीतल्या पाण्यानं लेप धुवा. आत डॉक्टर विचारतील, "कधी लागलं?" तिघांनीही एका सुरात सांगा, "आत्ताच, तासभर झाला." किती तास झाले त्यावर ते हात वाचतो का नाही हे ठरवणार असतात, पण आपण कशाला त्यांना सगळं उघडून सांगायचं? हातावरचे कामट्यांचे उभे वळ आणि नखांच्या कडेचं पिवळं त्यांना दिसत नाही असं धरून चाला. "काही खाल्लंय का?" विचारलं तर "काल रात्रीपासून पाणीसुद्धा नाही" म्हणा. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते, ती त्यांची डोकेदुखी.

मग ते सांगतील, कातडी आणि आतला पडदा कोपरापासून मनगटापर्यंत चिरून दाब मोकळा करावा लागेल, जखम काही दिवस उघडीच ठेवावी लागेल, मेलेला स्नायू काढावा लागेल, बोटं पुन्हा चालतील असं सांगता येत नाही. सहीसाठी कागद पुढं येईल. त्या वेळी आवाज चढवा, टेबलावर हात आपटा आणि विचारा, "एवढं होतं तर आम्हाला आधी का सांगितलं नाही?"