बर्फाच्या घाटातील एक्झॉस्ट ब्रेकबद्दल खुलासा

गोव्यातील धारबांदोडा, फोंडा परिसरातील ट्रकचालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. चोर्ला आणि अनमोड घाट उतरणाऱ्याला मनाली-लेह मार्गावर नवे काही शिकावे लागत नाही; खालचा गिअर टाकून एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर बाहेर पडण्याची वाट अडवून वेग कमी करणारा ब्रेक) सतत चालू ठेवावा आणि बर्फावर पकड देणाऱ्या साखळ्या पुढच्या चाकांना बांधाव्यात, असे त्यात म्हटले आहे.

यातील खालच्या गिअरचा सल्ला योग्य आहे, मात्र तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकायला हवा. एक्झॉस्ट ब्रेकचे तसे नाही. तो इंजिनामार्फत केवळ चालक चाकांना (इंजिन ज्यांना फिरवते ती चाके), म्हणजे आपल्या नेहमीच्या ट्रकच्या मागच्या चाकांना रोखतो. कोरड्या डांबरावर हे उपकारक असले, तरी बर्फावर तीच चाके अडखळून घसरतात, मागचा भाग दरीकडे वळतो आणि ट्रेलर असल्यास तो केबिनवर दुमडतो. रिकाम्या ट्रकमध्ये मागे वजन नसल्याने हा धोका वाढतो, हे आपल्याकडे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तापमान शून्याच्या आसपास असताना बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि पकड सर्वांत कमी होते. त्यामुळे कडाक्याच्या पहाटेपेक्षा दुपारचे ऊन कधीकधी अधिक फसवे ठरते.

साखळ्यांबाबतचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. त्या आधी चालक चाकांनाच चढवायच्या असतात, आणि त्याही चढणीवर अडकल्यावर नव्हे, तर त्याआधी सपाट जागी थांबून.